घाम न येणारा मामा

मामाला घाम येत नसे. वैशाखात रानात गेलेली माणसं निथळत परत यायची आणि मामा भट्टीतून काढलेल्या कौलासारखा यायचा, कोरडा आणि तापलेला. म्हणून तो अंगातल्या सदऱ्यासकट विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली उभा राहायचा आणि तसाच ओला गावभर हिंडायचा. गाव त्याला पाणकोंबडा म्हणे. कुणी त्या नावाने हाक मारली तरी तो ओ देई.

डोक्यावर मक्याच्या कणसासारखी चार पिवळी झुलपं, भुवया नाहीत, तोंडात पुढे तेवढे टोकदार दात. नवखं माणूस टक लावून बघायला लागलं की मामाच त्याची अडचण दूर करायचा. "देवानं मला घाईत धाडलं. ऱ्हायलेलं सामान मागनं येतंय म्हनला हुता," असं तो गंभीर चेहऱ्याने सांगे. पाहुणा हसावं की नाही या विचारात पडला की मामा उठून सदरा ओला करायला जाई.

आमच्या आजोळी प्रत्येक पिढीत कुणीतरी पलटणीत असे. मामाही भरतीसाठी साताऱ्याला गेला. पळण्यात सगळ्यांच्या पुढे होता आणि शेवटच्या फेरीत भोवळ येऊन पडला. अंगावर बादली ओतली तेव्हा शुद्धीवर आला. घरी येऊन म्हणाला, "पळालो लय चांगला. थांबायचं तेवढं आदी झालं." पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. उसाची दारं धरायचं काम त्याने आपणहून घेतलं, कारण त्यात पाय दिवसभर पाण्यात राहतात. लग्नाचं कुणी विचारलंच नाही, म्हणून नाकारायचीही वेळ आली नाही.

या सगळ्याचा दोष आजीकडे, म्हणजे त्याच्या आईकडे आला होता. मामा पोटात असताना तिने ग्रहणात विळीवर भाजी चिरली, असं गावाने ठरवलं होतं. आपण चिरली की नाही हे तिला आठवत नव्हतं. पण सगळेच म्हणतात म्हटल्यावर चिरली असणार, असं तिने मान्य केलं. त्यानंतरची सगळी ग्रहणं तिने निर्जळी पाळली. मामा पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवून बसे. ती प्यायली नाही. तो दोष पदरी घेऊनच ती गेली.

मी लग्न होऊन सांगलीला आले. नव्वदच्या सुमारास मला मुलगा झाला. चैत्र लागला आणि रोज दुपारी त्याला ताप भरू लागला. औषधं झाली, दृष्ट काढून झाली. मामा बघायला आला. त्याने बाळाच्या पाठीवरून हात फिरवला, मग स्वतःचं उपरणं भिजवून, पिळून बाळाला गुंडाळलं. सासूबाई हबकल्या. थोड्या वेळाने बाळ निवलं आणि दूध प्यायलं. मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे माझ्यावर गेलंय."

मिरजेच्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही सगळेच गेलो. मी, सासूबाई, बाळ आणि ओल्या सदऱ्यातला मामा. बाईंनी आधी बाळाला तपासलं, मग मामाला, आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. पोटात बाळाची कातडी आधी नुसती सपाट असते. मग जनुकांचा हुकूम सुटतो, की इथे केस, इथे घामाची ग्रंथी, इथे दात. हुकूम पोचला की त्या त्या जागी कातडी आत वळते आणि त्यातून ती ती वस्तू उगवते. या घराण्यात तो हुकूम देणारं एक जनुक बिघडलेलं आहे. ते आईकडून येतं, पण भोगावं लागतं ते बहुतेक करून मुलग्यांना.

मामाने विचारलं, "म्हंजी ग्रहनाचा काय संबंध न्हाई?"

"काहीही नाही," बाई म्हणाल्या.

"भाजी चिरली आसली तरी?"

"तरीही नाही."

मामा खाली बघत बसला. सदऱ्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. तो म्हणाला, "आईला सांगायचं ऱ्हायलं."

बाहेर आल्यावर सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. 'आईकडून येतं' एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मामाने ते पाहिलं. "आवं विहीनबाई," तो शांतपणे म्हणाला, "माझ्या आईनं जलमभर बोलनी खाल्ली. ती एकीनं खाल्ली तेवढी बास. पोराला गार ठिवा." दुसऱ्या दिवशी दुपारी मी उठायच्या आत सासूबाईंनीच बाळाचा पंचा भिजवला होता.

मुलगा शाळेच्या वयाचा झाला तेव्हा आम्ही त्याला पाचगणीच्या शाळेत घातलं. तिथली हवा त्याला सोसणारी होती. मामा न सांगता त्याच्या मागोमाग गेला आणि स्ट्रॉबेरीच्या मळ्यात पाणी द्यायला लागला. पोराला कवळी बसवायची ठरली, तर पोर भीतीने तोंडच उघडेना. मामाने आधी स्वतःला कवळी करून घेतली. त्याच्यासमोर बसून आयुष्यातली पहिली चिक्की खाल्ली आणि म्हणाला, "बरी हाय. फकस्त आवाज लय हुतो." पोराने तोंड उघडलं.

त्याच वर्षीच्या थंडीत मामाच्या छातीत कफ झाला आणि तो गेला. ज्या गारव्यासाठी जन्मभर धडपडला, तोच बाधला, असं लोक म्हणाले. मामा असता तर त्याने ते मान्य केलं असतं.

पुढे माझ्या धाकट्या मुलीला बघायला माणसं आली. तिने स्वतःच सगळं सांगितलं. आईचा मामा, भाऊ, जनुक, काही लपवलं नाही. नवऱ्या मुलाच्या आईने विचारलं, "आणि तसा मुलगा झाला तर?"

माझा मुलगा पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभा होता. "तर माझ्यासारखा होईल," तो म्हणाला आणि एक ताटली त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि पोहे घेतले.