पाचोडच्या बाजारातली जाहीर माफी

शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराच्या माणसानं मला सांगितलं, "मुली नकोत. आणि फिटर म्हणून तर नकोच नको." माझ्या हातात आयटीआयचं फिटरचं प्रमाणपत्र होतं. मी तिथंच भांडले आणि चार दिवसांत पत्रक काढलं. पत्रक काढणं मला येत होतं. विद्यार्थी चळवळीत दुसरं केलं काय होतं? 'तीव्र निषेध', 'जाहीर माफी मागावी', 'अन्यथा' हे शब्द माझ्या पेनातून आपोआप उतरायचे. गेट मात्र उघडलं नाही.

मग एका उद्योजकता शिबिराला गेले. सुटातल्या साहेबांनी दोन तास ऐकवलं की नोकरी मागू नका, नोकरी द्या. मी उठून विचारलं, "साहेब, तुम्ही स्वतः कोणता धंदा केला?" साहेब म्हणाले, प्रश्न शेवटी. शेवटी समोसे आले आणि साहेब गेले. या शिबिरांचा मला आजही राग येतो. कोवळ्या पोरांना स्वप्नं वाटायची आणि हातात साधा पानासुद्धा द्यायचा नाही.

पाना मला उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत मिळाला. तिथं एक चाचा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, पाठीवर अडकवून शेतात औषध मारतात ते पंप. वडिलांचा पंप घेऊन गेले होते. दुरुस्ती होईपर्यंत मी ठेकेदाराचा उद्धार करत बसले. चाचांनी मान वर न करता विचारलं, "फिटर है ना तू? तो मुँह बंद कर, पाना पकड." मी पकडला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो सोडला नाही.

त्या माणसाची काम करायची एक रीत होती. आलेला पंप आधी तीनदा पाण्यानं खळखळून धुवायचा. मग मालकाच्याच पाठीवर चढवायचा आणि म्हणायचं, "मारून दाखवा." स्क्रूला हात त्यानंतर. मला हा वेळेचा नुसता खेळखंडोबा वाटायचा. गिऱ्हाईक खोळंबलंय आणि हे पाणी मारायला लावतात! पण चाचा पंपाकडं बघायचेच नाहीत, माणसाकडं बघायचे. एकदा एक बाई आली. म्हणाली, पंप लई जड चालतो, खांदा मोडून जातो. चाचांनी तिला चार पावलं चालायला लावलं आणि पट्टे वर ओढून दिले. "अम्मा, पंप चांगलाय. पट्टा मरदाना आहे." बाई तोंडाला पदर लावून हसली. पंप खोलावाच लागला नाही. वर्षानुवर्षं ती नवऱ्याच्या मापाचा पट्टा खांद्यावर वागवत होती. बायकांच्या प्रश्नावर मी कितीतरी पत्रकं लिहिली असतील. ही गोष्ट एकाही पत्रकात नव्हती.

बाजारच्या दिवशी चाचा एसटीनं पाचोडला जायचे. तिथं खतं-बियाणं विकणाऱ्या एका काकांच्या दुकानाबाहेर ओटा होता. त्यावर चाचांची हत्यारांची पेटी टेकायची, कित्येक वर्षांपासून. पण आता गुडघे दगा देत होते. एसटीची पायरी चढताना ते दोन्ही हातांनी दांडा धरायचे. एक दिवस म्हणाले, "इस सीझन के बाद पाचोड तू देख. लोक तुझ्याकडं आले तर ओटा तुझा. नाही आले, तर मी पेटी उचलणार." इतकं सरळ मला आजवर कुणी बोललं नव्हतं. ना शिबिरातले साहेब, ना आमचे पुढारी.

आणि मी काय केलं? चाचांना न विचारता पत्रक काढलं.

"शेतकरी बंधू-भगिनींनो! निकृष्ट वायसरांची लूट कुठवर सहन करणार? जाब विचारा! मोठ्या संख्येनं उपस्थित राहा!" पंपदुरुस्तीची ओळ तळाला, बारीक अक्षरात. दुरुस्तीला येणाऱ्या दर दुसऱ्या पंपात रबरी वायसर, म्हणजे वॉशर, फुगलेला निघायचा. म्हणजे माल निकृष्ट, म्हणजे लूट. माझ्या डोक्यात हिशोब साफ होता.

बाजारच्या दिवशी लोक आले, खरंच मोठ्या संख्येनं आले. पण एकाच्याही पाठीवर पंप नव्हता.

"भाषण कवा हाय?" एका आजीनं विचारलं.

"मोर्चा तहसीलपर्यंत न्यायचा का इथंच बसायचं? मला चारची गाडी गाठायचीय," दुसरा म्हणाला.

"ओ ताई, चहा हाय का मोर्चात?"

तेवढ्यात दुकानाचे काका पत्रक हातात घेऊन बाहेर आले. त्या रस्त्यावर वायसर विकणारं दुकान एकच होतं, त्यांचं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला नाही, त्यानं जास्त लागलं. "माझ्याच ओट्यावर बसून माझ्यावरच व्हय, पोरी?" मग चाचांकडं वळून म्हणाले, "चाचा, तुमच्याबद्दल काय नाय. पण आता इथं पेटी टेकवू नका."

परतीच्या एसटीनं आडूळचा थांबा सोडला. तेव्हा चाचांनी विचारलं, "वायसर खराब है, ये किसने बताया?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी खोलून बघितलं? तू बघितलं, का फुगतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांच्याच दुकानातले दोन नवे वायसर माझ्यापुढं ठेवले. एक साध्या पाण्याच्या डब्यात टाकला, दुसरा उरलेल्या औषधाच्या. चार-पाच दिवसांत दुसरा फुगून वड्यासारखा झाला. पहिला जसाच्या तसा. माल वाईट नव्हता. फवारणी झाली की पंपात औषध तसंच राहतं आणि रबर खातं. लोक पंप धूत नव्हते. धुणार कशानं? आमच्याकडं शेतात प्यायलाच घागरभर पाणी कसंबसं पोचतं. राग मला तेव्हाही आला, पण तो दुकानदाराच्या पत्त्यावर पाठवायचा राग नव्हता. आणि चाचा प्रत्येक पंप तीनदा का धुतात, ते वर्षभर त्यांच्या शेजारी बसून मी विचारलं नव्हतं.

"दुकानात जा," चाचा म्हणाले, "चुपचाप माफी माग, चहा पी, वापस ये."

"नाही चाचा. पत्रक चारचौघांत वाटलंय."

प्राचार्यांपासून साहेबांपर्यंत कितीजणांनी जाहीर माफी मागावी म्हणून मी पत्रकं काढली असतील! ती स्वतः मागायला काय लागतं, ते पुढच्या बाजारी कळलं. दुकानाच्या पायरीखाली उभी राहिले, दोन्ही वायसर दोन हातांत धरले आणि मोठ्यानं बोलले, "मागच्या बाजारी मी पत्रक वाटलं. यांचा माल निकृष्ट आहे असं लिहिलं. मी तपासलं नव्हतं. चूक माझी. वायसर कशानं फुगतो ते आता बघा."

माणसं जमली. "म्हंजी मोर्चा नाय?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मीही हसले असेन, किंवा रडले, नक्की आठवत नाही. पण सोबत आणलेले डबे फिरवले, वास घ्यायला लावला, फवारणी झाली की घागर नाही तर निदान तांब्याभर पाणी तरी पंपात फिरवा म्हणून सांगितलं. भाषण मला येतच होतं. या वेळी त्यात तपासलेली एक गोष्ट होती, एवढाच फरक.

काका बाहेर आले. फुगलेला वायसर बोटांत दाबून बघितला. "असले फुगलेले आणून लोकं माझ्या तोंडावर मारत्यात. मी सांगतो तर म्हणत्यात, दुकानदार असंच बोलणार." मग जरा थांबून म्हणाले, "चाचांना म्हणावं, ओटा तुमचा. तुझं बघू."

हे ऐकून चाचा म्हणाले, 'बघू' म्हणजे 'नाही' नव्हे, आणि त्या सीझनला एसटीची पायरी परत चढले नाहीत. पेटी माझ्याकडं दिली. त्यांना माझ्यावर एवढा भरवसा कशाच्या जोरावर वाटला, हे मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या बाजाराला एकटीच गेले. काका पेटी टेकवू देतील की नाही, धाकधूक होती. जाऊन बघते तर ओट्यावरच्या खताच्या गोण्या बाजूला सरकवलेल्या, जागा झाडलेली. समोर तीन माणसं, तिघांच्याही पाठीवर पंप. काका आत गल्ल्यावर मान खाली घालून बसलेले.

"काका, गोण्या कुणी हलवल्या?"

"पेटी उघड आधी," ते म्हणाले. "लोकं कवाची थांबल्यात."