तीन कॉलमांतली नावं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बारावीला नापास झाले. गणित राहिलं. बाबा भातसानगरला धरणावर नोकरीला होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. कुणाच्या पोराला किती टक्के पडले, हे तिथे संध्याकाळपर्यंत घरोघर पोचायचं. निकालानंतर कितीतरी दिवस मी दळण आणायलाही बाहेर पडले नाही. बाबा मला काहीच बोलले नाहीत. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं, आणि तोवर घरात कुढत बसू नये म्हणून त्यांनी मला शहापुरात एका डीटीपीच्या दुकानात शिकायला घातलं.

दुकान म्हणजे एसटी स्टँडमागची एक खोली आणि दोन कॉम्प्युटर. मालक तिशीतले होते, त्यांना सगळे दादा म्हणत. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे पेपर अशी कामं यायची. मला लवकर जमलं ते नावांच्या याद्या कॉलमांत बसवणं. ओळ मावली नाही की गाव खाली उतरतं; ते नावापेक्षा जरा आत घ्यायचं, म्हणजे पुढचं नाव वेगळं उठून दिसतं. नाव एका कॉलमच्या तळाशी आणि गाव पुढच्या कॉलमच्या डोक्यावर, असं होऊ द्यायचं नाही. शेवटचा कॉलम फारच आखूड पडला, तर बाकीच्यांची उंची कमी करून तिन्ही सारखे करायचे. गणितात माझा जीव गुदमरायचा, पण हे करताना तास कसा गेला ते कळायचं नाही.

पावसाळ्यात आमच्या समाजाच्या मंडळाचं काम आलं. दहावी-बारावी पास झालेल्या मुलांचा शहापूरच्या विहारात गुणगौरव होता, त्याची पत्रिका करायची होती. पाठच्या पानावर तीन कॉलमांत मुलांची नावं आणि गावं. दादांनी कागद चाळले, माझ्याकडे पाहिलं आणि हे मी करतो म्हणाले. त्यांना माझा निकाल ठाऊक होता. मी म्हटलं, नको, मीच करते. त्यांनी माझी कीव करावी, हे मला सहन होणार नव्हतं.

बारावीतली निम्मी नावं माझ्या ओळखीची होती. माझ्या बाकावर बसणारी कॉलनीतली मैत्रीण त्यात होती. आईबाप कामासाठी गाव सोडून गेले की धाकट्या भावंडांना सांभाळून अभ्यास करणारा डोळखांबकडचा एक मुलगाही होता. मी एकेक नाव टाइप करत गेले. कान तापले होते, पण बोटं चुकत नव्हती. यादी सुरेख बसली. तिसऱ्या कॉलमच्या तळाशी तेवढी एका नावाची जागा मोकळी राहिली.

प्रूफ बघायला मंडळाचे एक काका आले. बाबांच्या ओळखीचे, रिटायर झालेले शिक्षक. त्यांनी बोट फिरवत सगळे कॉलम वाचले आणि त्या मोकळ्या जागेवर थांबले.

"तुझं नाव कुठंय गो? बारावीलाच होतीस ना यंदा?"

मी मान खाली घालून कीबोर्डकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी संकोचानं स्वतःचं नाव गाळलं. हसत हसत खिशातलं पेन काढून त्यांनी त्या जागेत माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली भातसानगर लिहिलं.

"काका, मी नाय पास झाले," मी म्हणाले.

दुकानात लग्नपत्रिका न्यायला आलेली दोन माणसं होती. तीही वळून बघायला लागली. काकांनी लिहिलेलं खोडलं. एका रेघेनं भागलं असतं, पण ते खोडतच राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले की अक्षरजुळणी करणारी म्हणून पानाच्या तळाला तुझं नाव टाक. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, स्वतः उभं राहून ते दादांकडून टाकून घेतलं. पास झालेल्यांच्या यादीखाली, बारीक अक्षरांत, नापास झालेलीचं नाव.

कार्यक्रमाला मी जाणार नव्हते. बाबा म्हणाले, चल. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी साडी नेसून निघाले. विहाराच्या अंगणात कॉलनीतली बरीच मंडळी आली होती. मी चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिले. बाबा मात्र पत्रिका उलटी करून ज्याला त्याला तळाची ओळ दाखवत होते. लोक ती हातात घ्यायचे आणि आधी वर, कॉलमांत माझं नाव शोधायचे. तीनतीनदा शोधायचे. दर खेपेला माझी मान आणखी खाली जायची.

शेवटी धरणावरच्या एकांनी विचारलं, "कुठल्या कॉलममधे हाय पोरगी?"

बाबा जरा थांबले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्यात नाय. नापास झाली ती. हा सगळा कागद तिनं बसवलाय."

विचारणारे "बरं, बरं" म्हणत बाजूला झाले. जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं. कार्यक्रम संपताच मी बाबांच्या पुढे झपाझप स्टँडवर गेले. ते मागून पावसात येत होते. छत्री माझ्याकडे होती, तरी मी थांबले नाही. गाडीत मी एकदाच विचारलं की चारचौघांत सांगायची काय गरज होती. ते रुमालानं भिजलेलं डोकं पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ड्युटीवर गेल्यावर मी आईपाशी त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोलले. आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला.

"तुझा रिझल्ट लागला तवापासून ते कामावर सांगत होते, बोर्डानं राखून ठेवलाय म्हणून," ती म्हणाली. "रोज कोनतरी विचारायचं, आला का. त्यांना जेवान जात नव्हतं."

काल अंगणात ज्यांनी विचारलं, त्यांनाच बाबा इतके दिवस खोटं सांगत आले होते, आणि त्यांच्याच तोंडावर त्यांनी ते मोडलं होतं. मला वाटत होतं, लाज माझी एकटीची आहे.

ऑक्टोबरला गणित सुटलं, काठावर. ऑक्टोबरवाल्यांचा गुणगौरव होत नसे, याचं मला बरंच वाटलं. निकाल बाबांनी स्वतः कॉलनीत सांगितला. पुढे लग्न होऊन मी मुरबाडला आले, तिथेही हेच काम केलं. बाबा आले की माझ्या टेबलाशी बसून छापलेले कागद वाचायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आईनं मला सांगितलंय, हे मी त्यांना कळू दिलं नाही.