प्रभाकररावांचा तेलवाला जावई

सिंदी मेघेच्या प्रभाकररावांना आपल्या गल्लीत नळ कधी येणार ते माहीत नसतं. पण आफ्रिकेतल्या त्या एका तेलवाल्या देशाचं सरकार कधी पडणार, हे रोज सकाळी पक्कं ठाऊक असतं. निवृत्त कारकून माणूस, पानठेल्यावरून जग चालवतो. ठेलेवाला दुर्गेश मात्र महाखवचट. "काका, तुमाले हे सांगते कोण जी? फोनच ना?" हे लय झोंबायचं.

म्हणून मुलीसाठी, इलासाठी, मिहिरचं स्थळ आलं आणि पोरगा नेमका त्याच देशात तेलकंपनीत निघाला, तेव्हा प्रभाकररावांनी पत्रिकासुद्धा उघडली नाही. जावयाचं नंतर पाहू, घरचा वार्ताहर मिळत होता! आता दुर्गेशची काय बिशाद!

पुलगावहून पाहुणे आले. पोहे-तर्री पुढ्यात आली. मिहिरचे वडील पुंडलिकराव सहज म्हणाले, "तिथं काई टेन्शन नाई. अध्यक्ष लय मजबूत हाय."

झालं! चुकीचं विश्लेषण गिळणं प्रभाकररावांच्या रक्तातच नाही.

"मजबूत? अजी, तो खुर्चीवर नाई, तेलाच्या भावावर बसला हाय!" त्यांनी पुंडलिकरावांचीच प्लेट ओढली. "हे पोहे म्हंजे जनता. ह्या मिरच्या म्हंजे फौज. अन् तर्री म्हंजे तेल. शेती नाई, कारखाने नाई, सारी चव तर्रीची! तर्री हाय तवरीक मिरच्या गप. भाव पडला, फौजेचा पगार थकला, का पयली मिरची उठते. अन् राजवाड्यात नाई जात, सीधी तेलाच्या बंदरावर जाऊन बसते. बंदर ज्याचं, गादी त्याची!"

मिहिर खूश होऊन बोलून गेला, "बरोब्बर काका! बंदर तं माया क्वार्टरच्या समोरच हाय."

त्याच्या आईचा, विमलाबाईंचा, चमचा हवेतच राहिला. "समोर? अन् मले काऊन सांगत होता, शांत जागा हाय म्हणून?" मग त्यांनी निकालच दिला. "पोरगी पसंत. पण पोरगा आता वापस जात नाई. हिंगणघाटले मामाच्या कापसाच्या जिनिंगमधी बसन."

इलाने पदराआड हसू दाबलं. तिला कुठं समुद्रापार जायचं होतं?

घरचा वार्ताहर हातचा चालला! प्रभाकरराव घामाघूम. "विहीणबाई, तसं पाहाल तं भाव वाढून राह्यला! विरोधकांत फूट हाय! तिथं काईच होत नाई!"

"आत्ताच तं तुमी म्हणले जी, मिरची उठते!"

"मिरची बसू बी शकते ना!"

शेवटी प्रभाकररावांच्या बायकोनं, पद्माबाईंनी, नवऱ्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. पुढचं विश्लेषण बरंच लांबलं म्हणतात, पण त्यातलं अक्षरही कुणाला कळलं नाही.