धुळीवरचा लेप

फवारा हातात घेण्याआधी सलीमभाई ओला तळवा खाणीच्या छतावर फिरवत आणि तो आमच्या तोंडासमोर धरत. "ही धूळ पाहा. हिच्यावर रंग बसत नाई, नुसता टेकते."

वरूडला त्यांचं ट्रॅक्टर रंगवायचं दुकान होतं. संत्र्याच्या बागा वाळल्या, ट्रॅक्टरला नवा रंग देणं कोणाला सुचेना. मग दुकान बंद करून ते आमच्या भूमिगत खाणीत, ठेकेदाराच्या हाताखाली फवारणीला लागले. मी अकोल्याहून गेलेला नवखा पर्यवेक्षक होतो.

खाणीच्या छतात आधी लोखंडी बोल्ट मारायचे, मग वरून पातळ लेप फवारायचा. तो वाळला की कातड्यासारखा चिकटून सुटे तुकडे धरून ठेवतो. मोठा दगड मात्र बोल्टच पेलतात. पाचवी शिकलेल्या सलीमभाईंना हे दोन दिवसांत कळलं. आमच्या साहेबांना ते समजून घ्यायचंच नव्हतं.

एका बोगद्यात बोल्ट न मारता, छत न धुता लेप मारायचा हुकूम आला. तपासणी दुसऱ्या दिवशी होती. सलीमभाईंनी फवारा खाली ठेवला. "साहेब, मी कधी ट्रॅक्टरले असं फसवलं नाई. इथं तं खाली माणसं उभी राह्यतेत."

साहेबांनी दुसऱ्याकडून काम उरकून घेतलं. तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यासमोरच सलीमभाईंनी लेपाला नख लावलं. भाकरीएवढा पापुद्रा निघून हातात आला, मागची बाजू धुळीनं काळी. अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं आणि सही केली.

दुसऱ्या सकाळी सलीमभाई बोगद्याच्या तोंडाशीच बसले.

"उठा, नोकरी जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या. तुमी आत जाऊन उभे राह्यता काय?"

मी गेलो नाही. ते पाहून कामगारही गेले नाहीत. दुपारी सलीमभाईंना बेशिस्तीचा ठपका ठेवून काढून टाकलं. कामगार तरीही आत जाईनात. तिसऱ्या दिवशी त्या बोगद्याचं छत खाली आलं. आत कोणीही नव्हतं.

अहवालात लिहिलं गेलं: 'व्यवस्थापनाच्या दक्षतेमुळे काम आधीच थांबवण्यात आले होते.' सलीमभाईंचं नाव त्यात कुठंच नव्हतं. आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं.

वर्षभरानं ते अकोल्याच्या बसस्टँडवर भेटले. मी चहा मागवला आणि अहवालात काय लिहिलं ते चिडून सगळं सांगितलं.

"मंग तुमी काय केलं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

अहवालावर तिसरी सही माझी होती. मी तेही सांगितलं.

त्यांनी चहा संपवला, पिशवी उचलली आणि वरूडच्या बसमध्ये जाऊन बसले. 'येतो' म्हणाले नाहीत.