मासळीसरांचं नाक

मासळीसरांनी जन्मात मासळी खाल्ली नव्हती. उदगीरचे पक्के लिंगायत. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पण नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत ते नाकातल्या एका जनुकावर काम करत. सडक्या मासळीचा वास टिपणारा रिसेप्टर त्याच जनुकापासून बनतो. एवढ्यावरून आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांचं बारसं करून टाकलं.

त्या वासाच्या रसायनाची बाटली उघडली की आम्ही गॅलरीत पळायचो. सर मात्र बाटलीपाशी नाक नेऊन विचारायचे, "कुठं हाय वास? उगं नाटकं करून राहिलात." आम्हाला वाटायचं, यालाच तपश्चर्या म्हणत असावेत.

मग अव्वा, म्हणजे सरांच्या आई, नांदेडला राहायला आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी लेकाचा शर्ट हुंगला आणि त्याच्या हातचं पाणीसुद्धा बंद केलं. "तू खाऊन राहिलास," एवढंच म्हणाल्या. सरांनी साबण बदलला, शर्ट बदलले, शपथा घेतल्या. अव्वा शेजारणीकडे जेवायच्या. सर रडकुंडीला आले होते, आणि आम्ही, खरं सांगायचं तर, हसत होतो.

शेवटी त्यांनी स्वतःचंच जनुक तपासलं. जनुकाच्या दोन्ही प्रतींत डीएनएच्या एका अक्षराचा फरक निघाला. "ज्या वासाच्या मागं लागलो, तो मलाच कळत न्हाई," म्हणाले आणि चक्क लाजले. साक्षीदार म्हणून मला घरी घेऊन गेले.

"एक प्रत अप्पांकडून आली, एक तुझ्याकडून," ते अव्वांना समजावू लागले. "तुझी दुसरी चांगली असंल, म्हणून तुला वास येतो."

"म्हंजे अप्पांनाबी येत नसंल?"

"पक्कं सांगता येत न्हाई. पण असू शकतं."

मग अव्वांनीच मला सांगितलं. अप्पा, म्हणजे सरांचे वडील, उदगीरच्या बाजारात मिरच्या विकायचे. मासेवाल्यांशेजारची जागा कोणी घेत नसे. ते तिथं खुशाल बसायचे. घरी आले की "मी खाल्लं न्हाई" म्हणायचे, आणि अव्वा त्यांना वेगळ्या ताटात वाढायच्या. ते गेले तोवर ताट वेगळंच राहिलं.

"मेलेल्या माणसाचं तपासता येतं का रे?" अव्वांनी विचारलं.

"आता ते जमायचं न्हाई, अव्वा."

"ऱ्हाऊ दे. जेवायला वाढ."

मला वाढून झाल्यावर सर त्या दोघांसाठी दोन वेगळी ताटं काढू लागले. अव्वांनी त्यांचा हात धरला. "एकच घे," म्हणाल्या.