सगुणाने हात वर केला की

आनंदाला ऐकू येत नाही हे सगळ्या मांडवीला ठाऊक होतं. तरी तो लोखंडी टोप ठोकतो कसा, हे मात्र फक्त त्याच्या बायकोला, सगुणाला ठाऊक होतं.

तीस वर्षं त्याने होड्यांच्या डिझेलच्या टाक्या ठोकल्या. कानात बोळे घाल म्हणून सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने मनावर घेतलं नसतं. पुढे मिरवणुकांसाठी मावळ्यांचे टोप करायला लागला. ते काय, पातळ पत्र्याचे, दिखाऊ. पण हातखंब्याचा अजिंक्य मुंबईला नोकरीला गेला आणि तिथल्या एका आखाड्यात शिरला. त्या आखाड्यात चांगली शिकलीसवरलेली माणसं सुट्टीच्या दिवशी युरोपातल्या जुन्या सरदारांसारखी चिलखतं चढवतात आणि बोथट तलवारींनी एकमेकांना खरोखर बडवतात. हौस! तिथे दिखाऊ टोप चालत नाही. अजिंक्यने सहाशे वर्षांपूर्वीच्या एका टोपाचं चित्र आणलं. तोंडावरची झडप पुढे चोचीसारखी टोकदार.

"ही तर मुशी मासळी," सगुणा म्हणाली. "डोक्यात घालायची का कालवणात?"

तेव्हापासून त्या टोपाचं नाव मुशीच पडलं.

चार वर्षांत आखाड्यातल्या लोकांसाठी अकरा मुश्या झाल्या. दोन मिलिमीटरचा पत्रा फणसाच्या ओंडक्यातल्या खळग्यावर धरायचा आणि थंडच ठोकायचा. ठोकता ठोकता पत्रा आडमुठा होतो, ठोक्याचा आवाज चिरका निघायला लागतो. तिथेच थांबून तो लाल तापवायचा, राखेत सावकाश निववायचा. नाही थांबलं तर आत चीर धरते, आणि ती दिसत नाही. हे सगळं कानाचं काम. कान गेले तसं आनंदाने सगुणाला समोर पाटावर बसवलं. ती कोलंबी सोलत बसायची, आवाज चिरकला की हात वर करायची, तो थांबायचा. दोघांनी ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही.

बारावी मुशी खुद्द अजिंक्यची. रविवारी सकाळी तो न्यायला आला, सोबत आपली बोथट तलवार घेऊन.

"काका, आधी ठोकून बघतो," तो आनंदाच्या तोंडासमोर येऊन ओरडला. अंगणातल्या माडाच्या खुंटावर त्याने टोप बसवला आणि दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला माथ्यापासून कानापर्यंत चीर उघडली. करवंटी फुटावी तशी.

आनंदाने चिरेवरून अंगठा फिरवला. पत्रा वेळेवर तापलाच नव्हता.

"हात उशिरा केलास गो."

त्याच्या ओठांवरची नजर न काढता सगुणाने पदराला हात पुसले. "उशिरा नाय. मला ऐकूच येत नाय ओ. चिरका तर मुळीच नाय."

त्याने तिला परत बोलायला लावलं. दोन्ही वेळा ओठ तेच म्हणाले.

"कधीपासना?"

"शिमग्यापासना."

"मग हात कशावर करीत होतीस?"

"तुमचा दंड दमलेला दिसला की."

त्या हातोड्यासमोर चार वर्षं बसल्यावर दुसरं काय व्हायचं होतं? कानात बोळे घाल म्हणून आनंदानेही तिला कधी सांगितलं नव्हतं.

"बोललीस का नाय?"

"बोलले असते तर हातोडा खाली ठेवला असतात. मग दिवसभर काय करणार होतात, समुद्राच्या लाटा मोजणार?"

अजिंक्य मधे पडला. "काका, जाऊ दे ना. मी तयार टोप मागवतो."

आनंदाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो बोटांवर मोजत होता. "शिमग्यानंतर तीन मुश्या गेल्या. तीन डोकी हायत रे त्यात! फोन लाव."

पहिला लागला. अजिंक्यने मान डोलावली, तो टोप परत येणार. दुसराही लागला. तिसरा सोहमचा, तिसरी मुशी त्याच्याकडे होती. अजिंक्य फोन कानाला लावून उभा राहिला. नवराबायको शेजारी शेजारी उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती. पलीकडे रिंग वाजतेय का, कुणी बोलतंय का, दोघांनाही कळायला मार्ग नव्हता.

"उचलत नाही," अजिंक्य म्हणाला. त्याने परत लावला. "आज रविवार. आखाड्यात असणार."

"टोप घालून?"

"घालूनच."

आनंदाने त्याचा दंड धरला. "टोपात फोन ऐकू येतो का रे?"

अजिंक्यने नुसती मान हलवली, नाही म्हणून. आणि परत नंबर लावला.