खाडा

बायकोची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा मी चाकणला कंपनीत होतो. दवाखान्यातून तिला निगडीच्या घरी आणलं, तेव्हा तिला धरून बसवावं लागत होतं. तिचं बोलणंही निम्मंच कळायचं.

डॉक्टरांनी रक्तदाब हे कारण सांगितलं. माझ्या मनानं मात्र वेगळंच घेतलं. गावी चंपाषष्ठीला आमच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. ओव्हरटाइमच्या नादात मी कित्येक वर्षं गेलो नव्हतो. घरातल्या देवाचंही सगळं तिच्यावरच सोडलेलं. चुकलो मी आणि भोगतेय ती, असं मी धरून चाललो. तिच्याकडे बघवेना. तिचं करायला मुलीला पुढे करायचो. देव्हाऱ्यात दिवा लावायचीही हिंमत होईना.

मग बीडकडून सासूबाई आल्या. पहिल्याच सकाळी म्हणाल्या, "जावईबापू, देव अंधारात का ठिवलाय?"

मी सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणालो, "फार खाडे झाले माझे. आता कोणत्या तोंडानं काही मागू?" कामावरच्या गैरहजेरीचा शब्द, सवयीनं तोंडात आला.

त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खाडे मांडायला देव काय तुमचा सुपरवायझर हाय? आन् खाडा तुमचा, तर पगार माझ्या लेकीचा कापील व्हय त्यो? इतका येडा हाय का?"

अंथरुणात बायको हसली. चेहरा अर्धाच हलला. दुखण्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

"लेकरू लई दिसांनी घरी आलं, तर माय आधी ताट वाढती," सासूबाई म्हणाल्या. "कुठं व्हतास, ते मागून इचारती. इचारती बी का न्हाई, कोन जाने. उठा, लावा दिवा."

लावला. त्यांचं म्हणणं लगेच पटलं असं नाही. अपराधीपणाचीही माणसाला सवय लागते. पण रोज दिवा लावत गेलो. तिला बरं कर, असं मागायला जीभ रेटत नव्हती. मला तिच्याजवळ बसता येऊ दे, एवढंच म्हणायचो.

तिचा हात अजून वळत नाही. कामाला निघण्याआधी तिची वेणी मी घालतो. वाकडी होते, ती कुरकुरते, मी सोडून पुन्हा घालतो. आधी तिला हात लावला की माझी शिक्षा तिच्या अंगावर दिसायची. आता केसांतला गुंता दिसतो, तो सोडवतो.